बायनाबाईच्या हातातल्या चपला

बायनाबाईच्या चपला तळाला कधी झिजल्या नाहीत. झिजायच्या त्या वरच्या पट्ट्याला, जिथे त्या दोन बोटांत धरल्या जातात तिथे. बोरीच्या बाजारात चपला शिवायला बसणारा आश्रुबा दरवेळी तोच पट्टा बदलून द्यायचा आणि दरवेळी तेच विचारायचा, "बायनाबाई, ह्या तुमी पायात घालता का नुसत्या हवा खायला बाहेर काढता?" बायनाबाई म्हणायची, "तू शीव गुमान. लय शहाणा झालास." आश्रुबा शिवायचा. त्याला कारण माहीत होतं. त्याच्या घरातल्या बायकांच्या चपलाही तिथेच झिजायच्या.

बोरीपासून दोन कोसांवर चिंचटाकळी. गाव चारशे उंबऱ्यांचंही नाही, पण दस्तूर मोठ्या गावाला लाजवतील असे. मधोमध मारुती, मारुतीपुढे पिंपळ, पिंपळाला दगडी पार आणि पारावर सकाळच्या चहापासून दिवेलागणीपर्यंत बसलेली कर्ती माणसं. सरपंच आबासाहेबांच्या घराचा कोपरा ते पिंपळ, मोजून साठ पावलं. त्या साठ पावलांत गावातल्या कुठल्याही बाईने पायात चप्पल ठेवायची नाही. काढून हातात धरायची, पदर कपाळाखाली ओढायचा आणि खाली बघत निघून जायचं. पारावर मोठी माणसं बसलेली असतात, त्यांचा मान. कुणी बसलेलं नसलं तर पाराचा मान. एकदा भर दुपारी पारावर तात्यारावांच्या कुत्र्याशिवाय कुणी नव्हतं, तरी सासूने बायनाबाईला चपला काढायला लावल्या होत्या. आणि गाव असं वसलेलं की शेतात जा, पाण्याला जा, दळणाला जा, वाट पारावरूनच.

बायनाबाई पालमकडची. चौदाव्या वर्षी लग्न होऊन आली तेव्हा बापाने हौसेने घेतलेल्या लाल चपला घालून ती बैलगाडीतून थेट पारासमोरच उतरली. गावाला तिची पहिली ओळख झाली ती अशी. 'बिनवळणाची सून' हे नाव पुसायला तिला पुढची दहा वर्षं लागली. बोलून ते पुसता आलं नसतं, म्हणून तिने न बोलून पुसलं. पारापुढून ती इतकी खाली मान घालून, इतकी मुकाट जायची की पारावरची माणसं आपापल्या सुनांना तिचं उदाहरण द्यायला लागली.

खरं सांगायचं तर बायनाबाईइतकी बोलणारी बाई पंचक्रोशीत नव्हती. आबासाहेबांच्या घरामागे जो बोळ होता, तिथे बायका भांडी घासत, गोवऱ्या थापत, आणि तिथे बायनाबाईचं तोंड दिवसभर चालू असे. त्या बोळात तिने दोन लग्नं जमवली होती, तीन भांडणं मिटवली होती आणि एकीच्या दारुड्या नवऱ्याला उलथनं दाखवून सरळ केलं होतं. पण बोळ आणि पार यांच्यामध्ये आबासाहेबांचं घर होतं आणि त्या घराच्या भिंती चांगल्या दोन हात रुंद होत्या. जे पारावर ऐकू येत नाही ते गावात घडतच नाही, अशी पारावरच्यांची पक्की समजूत होती.

तिचा नवरा रामकिशन गरीब स्वभावाचा. कुणी काही सांगितलं की 'व्हय' म्हणणारा, आणि दोघांनी दोन उलट गोष्टी सांगितल्या तर दोघांनाही 'व्हय' म्हणणारा. चार एकर कोरडवाहूवर वर्ष निघत नसे, म्हणून दिवाळी झाली की दोघं साखर कारखान्यावर ऊसतोडीला जात. टोळीचा मुकादम आबासाहेबांचा पुतण्या. टोळीत बारा जोडपी, त्यांत वस्तीवरची कस्तुराबाई आणि तिचा नवराही. वस्ती म्हणजे गावाबाहेरची, बौद्धांची. अठ्ठ्याहत्तर सालच्या, विद्यापीठाच्या नामांतराच्या दंग्यात तिथली चार घरं जळाली होती आणि तेव्हापासून गाव आणि वस्ती कामापुरतंच बोलत. उसाच्या फडात मात्र बायनाबाई आणि कस्तुराबाई शेजारी शेजारी मोळ्या बांधत, एकाच ड्रममधलं पाणी पीत, आणि एखादं पोर रडलं की जिचा हात मोकळा असेल ती त्याला घेई, मग पोर कुणाचंही असो. तिकडे पायात चप्पल घालून कुठेही चाला, कुणाला पडलेली नव्हती. पाडव्याच्या सुमारास टोळी परत यायची. बोरीला एस.टी.तून उतरून चालत गाव गाठायचं. वेशीपाशी कस्तुराबाई वस्तीच्या वाटेला वळायची, आणि पुढे आबासाहेबांच्या कोपऱ्यावर बायनाबाई चपला हातात घ्यायची. मग पुढचे सहा महिने दोघींची ओळख लांबून मान हलवण्यापुरती.

असं सगळं नीट चाललेलं असताना सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात गावचा आड आटला आणि चिंचटाकळीत हापशाची योजना आली.

योजना एका परदेशी संस्थेची होती. हापसा फुकट, बोअर पाडणारी मशीन फुकट, पण अट विचित्र. गावाने पाच जणांची पाणी समिती करायची, त्यात दोन तरी बायका पाहिजेत, आणि हापसा कुठे बसवायचा त्या नकाशावर त्या दोघींची सही किंवा अंगठा पाहिजे. नाहीतर मशीन शेजारच्या गावाला जाईल. हे ऐकून आबासाहेब बराच वेळ सुपारी कातरत बसले. "हापसा लोखंडाचा, पाणी जमिनीतलं," ते शेवटी म्हणाले, "त्यात बायायचं काय काम हाय?"

पण अट ती अट. पहिलं नाव आबासाहेबांनी स्वतःच्या बायकोचं घातलं, कमलबाईंचं. त्या घरातच होत्या, शोधायला जावं लागलं नाही. दुसरीसाठी पारावर विचारविनिमय झाला. बोलणारी नको, उगाच फाटे फोडणारी नको, सांगितलं तिथे अंगठा उठवणारी पाहिजे. तात्याराव म्हणाले, "रामकिशनची बायको घ्या. पंचवीस वर्सं झाली, तिचा आवाज ऐकला न्हाई कोणी." सगळ्यांनी माना डोलावल्या. चिंचटाकळीत इतकी मोठी चूक याआधी एकमताने झाली नव्हती.

संस्थेचं काम बघायला परभणीहून दिनकरराव म्हणून एक तरुण माणूस लुनावर बसून यायचा. झब्बा, खांद्याला झोळी, झोळीत सायक्लोस्टाइल कागदांचे गठ्ठे. पुण्याला त्याचं पाच दिवसांचं शिबिर झालं होतं, तिथे त्याला स्त्री-पुरुष समानता शिकवली होती, आणि ती तो गावोगाव मनापासून वाटत फिरायचा. घरी अंघोळीचं पाणी आई काढून द्यायची आणि टॉवेल बायको आणून द्यायची, पण शिबिरात अंघोळीचा विषय निघाला नव्हता.

सभा भरली ती अर्थातच पारावर. बायकांना बोलावणं होतं, त्या आल्याही, पण पारासमोर बसायचं कसं, म्हणून आबासाहेबांच्या घराच्या कोपऱ्याआड भिंतीला टेकून बसल्या. दिनकररावांनी अर्धा तास भाषण केलं. "महिलांच्या सहभागाशिवाय विकास होऊ शकत नाही," असं ते तीनदा म्हणाले, तिन्ही वेळा भिंतीकडे बघून. पाणी तपासणाऱ्यांनी दोन जागी खुणा केल्या होत्या, एक पारासमोर आणि दुसरी गावाच्या मागच्या अंगाला, वस्तीच्या वाटेवर कडुलिंबाखाली. दोन्हीकडे पाणी सारखंच लागणार होतं.

"पारासमोर," आबासाहेब म्हणाले. "येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसंल. खाली शहाबादी फरशी बी नवीच हाय."

दिनकरराव भिंतीकडे वळून म्हणाले, "भगिनींचं काय मत आहे? मोकळेपणाने बोला." भिंतीआडून एक बांगडी वाजली. त्यांनी दोन मिनिटं वाट पाहिली आणि वहीत लिहिलं, 'महिलांनी एकमताने मान्यता दिली.'

कमलबाईंनी त्याच संध्याकाळी सही केली. उरला बायनाबाईचा अंगठा.

दुसऱ्या दिवशी दिनकरराव नकाशा आणि शाईचा डबा घेऊन तिच्या दारात गेले. ती भाकरी थापत होती. "हाताला पीठ हाय," ती म्हणाली. चार दिवसांनी गेले तेव्हा हाताला शेण होतं. पुढच्या आठवड्यात मिरच्या कुटणं चाललं होतं, आणि तिखटाचा हात कागदाला लागला तर कागद वाचणाऱ्याच्या डोळ्यांत जाईल अशी काळजी तिने बोलून दाखवली. चौथ्या खेपेला ती हात धुऊन बसलेली होती. दिनकररावांनी आनंदाने डबा उघडला, तर ती म्हणाली, "आज अमावस्या हाय."

आबासाहेबांनी मग रामकिशनला बोलावून घेतलं. "बायकोचा अंगठा आणून दे." रामकिशन म्हणाला, "व्हय." शाईचा डबा खिशात घालून तो दोन दिवस घरात नुसता फिरत राहिला. तिसऱ्या दिवशी दुपारी बायनाबाई ओसरीवर जराशी लवंडली होती. तो पाय न वाजवता गेला, डबा उघडला, तिचा अंगठा हळूच उचलला. डोळे मिटलेलेच ठेवून बायनाबाई म्हणाली, "शाई वाळलीया. पाणी घाला थोडं." रामकिशनने डबा बंद केला आणि बैलांना वैरण टाकायला गेला.

शेवटी दिनकररावांना जे पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं ते सुचलं. ते बोळात जाऊन एका पालथ्या पाटीवर बसले आणि त्यांनी विचारलं, "बायनाबाई, तुम्ही अंगठा का देत नाही?"

"इचारलंत," बायनाबाई म्हणाली. "तीन हप्ते झाले, नुसता अंगठा मागायलात. उठा. चला लिंबाखाली."

पाठोपाठ बोळातल्या आठ-दहा बायका एक भरली घागर-कळशी घेऊन निघाल्या. लिंबाखाली बायनाबाईने दिनकररावांच्या डोक्यावर चुंबळ ठेवली, चुंबळीवर भरलेली घागर ठेवली आणि कमरेवर कळशी दिली. एक हात घागरीला, दुसरा कळशीला.

"आता समजा इथं पार हाय. चपला काढा अन् हातात घ्या."

"कोणत्या हातात?" दिनकररावांनी विचारलं.

"त्येच तर मी बी इचारायले," बायनाबाई म्हणाली. "अन् जमलं तर पदर बी वढा."

दिनकररावांनी वाकायचा प्रयत्न केला. घागर त्यांच्या अंगावरून खाली आली, पाठोपाठ कळशी. बायका पोट धरधरून हसल्या. भिजलेला माणूस तिथेच खाली बसला आणि मग त्याला एकेक सांगितलं गेलं. म्हणून पाण्याला जाताना गावातली एकही बाई चप्पल घालत नाही. जाताना अनवाणी, येताना अनवाणी, चैत्र असो की वैशाख. हापसा पारासमोर बसला तर दिवसातून आठ-दहा खेपा त्या तापल्या फरशीवर उभं राहायचं, खाली मान घालून, दांडा मारताना पदर घसरला तर चार जण बघणार, दोघी बोलल्या तर चार जण ऐकणार. लिंबाखाली सावली आहे, मागची वाट आहे, पायात चप्पल राहील आणि तोंडात शब्द राहील.

"हे आम्हाला पुण्यात कुणी सांगितलं नाही," दिनकरराव झब्बा पिळत म्हणाले.

"पुण्यात पार नसंल," बायनाबाई म्हणाली.

वस्तीच्या वाटेने कस्तुराबाई सरपण घेऊन चालली होती. हसणं ऐकून ती लांबच थांबली होती. आता तिने मोळी खाली टेकवली आणि म्हणाली, "बायना, कारखान्यावरची चप्पल तेवढी गावात आणायची म्हणतीस. अन् कारखान्यावरचा ड्रम? त्यो तिकडंच ठिवायचा व्हय?"

तिने ते हसतच म्हटलं. मोळी उचलली आणि गेली.

बोळातल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. बायनाबाई घरी आली आणि चार दिवस तिने भांडी बोळात न नेता घरातच घासली. तिला लाज वाटत होती. लिंबाखाली हापसा बसला तर वस्तीवरच्या बायकाही येतील, हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं असं नाही. आलं होतं, आणि तिने ते बाजूला सारलं होतं. आपला लढा लढताना दुसरीचा दिसू नये म्हणून मान जरा वळवली होती, एवढंच. अठ्ठ्याहत्तर सालीही तिने तेच केलं होतं. वस्तीवरचा धूर तिने उंबऱ्यात उभं राहून पाहिला होता आणि घरात गेली होती. त्या वर्षी फडात पहिल्याच दिवशी कस्तुराबाईने ड्रममधलं पाणी काढून आधी तिला दिलं होतं, एक शब्द न बोलता. ते पाणी बायनाबाईला नऊ वर्षं आठवत होतं.

पाचव्या दिवशी दिनकरराव घाईघाईने आले. परदेशातल्या मुख्य कचेरीतून एक मॅडम गावं बघायला येणार होत्या. शनिवारी चिंचटाकळी. तोवर दोन्ही बायकांची संमती कागदावर नसेल तर मशीन सोमवारी शेजारच्या गावाला जाणार. आबासाहेबांनी रामकिशनला निरोप धाडला, शनिवारी अंगठा झाला नाही तर दिवाळीला टोळीत जागा नाही. रामकिशन निरोप्याला 'व्हय' म्हणाला. मग बायनाबाईपाशी येऊन बसला आणि म्हणाला, "तुला वाटंल ते कर." असं पूर्ण वाक्य त्याने लग्न झाल्यापासून म्हटलं नव्हतं.

शनिवारी बारा वाजता जीप आली. मॅडम उंच, गोऱ्या, डोक्याला टोपी, अंगात सुती पंजाबी ड्रेस, पायात जाड सॅंडल. पारावर सतरंजी, नारळ, हार, सगळा सरंजाम. आबासाहेबांच्या भिंतीलगतच्या हातभर सावलीत गावातल्या बायका ओळीने उभ्या, प्रत्येकीच्या हातात चपला. आणि बऱ्याच लांब, वेशीकडच्या टोकाला, कस्तुराबाई आणि वस्तीवरच्या चार-पाच जणी.

मॅडमने मारुती पाहिला, बायकांच्या हातातल्या चपला पाहिल्या आणि देवाची जागा असेल असं समजून मोठ्या आदराने आपल्या सॅंडल काढून हातात घेतल्या. आबासाहेब गहिवरले. "बघा," ते तात्यारावांना म्हणाले, "सातासमुद्रापल्याडची बाई, पर वळण बघा."

मग स्वागत सुरू झालं. आबासाहेब बोलले, तात्याराव बोलले, दिनकररावांनी इंग्रजीत सांगितलं. सूर्य डोक्यावर होता आणि फरशी शहाबादी होती. मॅडमने आधी डावा पाय उचलला, मग उजवा, मग पुन्हा डावा. तात्यारावांच्या भाषणात त्या जवळजवळ नाचू लागल्या. बायकांच्या ओळीत तोंडाला पदर गेले.

आबासाहेबांच्या लक्षात आलं. पाहुणचारात ते कधी कमी पडले नव्हते. "दिनकरराव, त्यायला म्हणावं चप्पल घाला. मेहमानाचे पाय भाजले तर गावाची इज्जत जाईल."

दिनकररावांनी सांगितलं. मॅडम काहीतरी म्हणाल्या. "त्या म्हणतात," दिनकरराव चाचरत म्हणाले, "या बायकांनी घातल्या की मीही घालते."

"त्यायचं येगळं हाय," आबासाहेब म्हणाले. "त्यायला सवय हाय."

"सवय झाली म्हणून पाय दगडाचे झाले न्हाईत, आबासायेब."

पारावरची माणसं इकडे तिकडे बघू लागली. हा आवाज त्यांनी कधी ऐकलेलाच नव्हता. "कोण बोललं?" तात्यारावांनी विचारलं. बायनाबाई ओळीतून दोन पावलं पुढे आली. तिने चपला फरशीवर ठेवल्या आणि एकेक पाय त्यांत घातला.

"हापसा हितं नको," ती म्हणाली. "लिंबाखाली बसवा. पाणी आमी वढणार, तर आमाला जमंल तिथं बसवा. मग देते अंगठा."

आबासाहेबांचा चेहरा लाल झाला. पण पाहुणी समोर होती, आणि ते गावाचं राजकारण वीस वर्षं करत होते. त्यांनी आवाज चढवला नाही. नेमक्या जागी बोट ठेवलं. "बसवू की," ते गोड आवाजात म्हणाले. "पर त्यो लिंब वस्तीच्या वाटंवर हाय. वस्तीवरच्या बी बाया येतील, घागरीला घागर लावतील. चालंल का तुला? इचार तुमच्या बोळात."

आता सगळे बायनाबाईकडे बघत होते. तिच्या मागच्या ओळीत कुजबुज झाली आणि थांबली. बायनाबाईने वेशीकडे पाहिलं. कस्तुराबाई तिच्याकडेच बघत होती, आणि आज ती हसत नव्हती.

"तुमच्या पुतण्याच्या टोळीत चालतं, आबासायेब," बायनाबाई म्हणाली. "तुमीच धाडता की आमाला. नऊ वर्सं एका ड्रमातलं पाणी पिलाव. त्यातलं कोणी मेलं न्हाई. गावात आल्यावर पाणी बदलतं का काय?"

दिनकररावांनी हे सगळं, ड्रमसकट आणि पुतण्यासकट, जसंच्या तसं मॅडमना सांगितलं. शेवटी त्यांनी स्वतःहून एक वाक्य जोडलं, की महिलांनी एकमताने मान्यता दिली असं मी लिहिलं होतं, ते खोटं होतं. दिनकररावांच्या नोकरीतलं हे सर्वांत चांगलं काम, आणि ते कुठल्याही कागदावर आलं नाही.

मॅडमना फार भरून आलं. तुमच्याबद्दल मी माझ्या अहवालात लिहीन, त्या म्हणाल्या, आणि तुम्हाला मला काही विचारायचं आहे का.

बायनाबाईने मॅडमच्या हातातल्या सॅंडलकडे पाहिलं. "तुमच्या हापिसात सगळ्यात मोठा सायेब हाय, त्यो बाई हाय का गडी?"

दिनकररावांनी विचारलं. मॅडम मोठ्याने हसल्या आणि म्हणाल्या, गडी. त्याच्या आधीचाही गडीच होता.

"मग तुमी बी हातातच धरता म्हणा," बायनाबाई म्हणाली. "घाला त्या. पाय भाजायलेत."

मॅडमने सॅंडल घातल्या. भिंतीलगतच्या बायकांनी एकमेकींकडे पाहत, लाजत, दोघी-तिघींनी आधी, मग बाकीच्यांनी चपला घातल्या. आबासाहेबांच्या दारात कमलबाई उभ्या होत्या. त्यांनी आत जाऊन आपल्या परभणीहून आणलेल्या चपला शोधल्या आणि पायात घालून पुन्हा तिथेच येऊन उभ्या राहिल्या.

आबासाहेबांनी जीपकडे पाहिलं. शेजारच्या गावचा सरपंच जीपच्या मागे मोटरसायकल लावून सकाळपासून फिरत होता. "लिंबाखाली तर लिंबाखाली," ते म्हणाले. "आपल्याच शिवारात हाय की." पुढे आठवड्याभरात ते सांगू लागले की लिंबाची जागा मुळात त्यांनीच सुचवली होती.

शाईचा डबा आला. बायनाबाईने हात लुगड्याला पुसले आणि म्हणाली, "आधी कस्तुराला बोलवा. ती बी समितीत पायजे. तिला इचारल्याबिगर तिच्या वाटंवर हापसा कसा बसवायचा?" कागदावर दोनच बायकांची जागा होती. दिनकररावांनी खाली पेनाने तिसरी रेघ मारली.

कस्तुराबाई आली. ती पारासमोरच्या फरशीवर पहिल्यांदाच उभी होती. दिनकररावांनी डबा तिच्यापुढे धरला, तर ती म्हणाली, "शाई ठिवा. पेन द्या." आणि तिने सावकाश, एकेक अक्षर जोडत, आपलं पूर्ण नाव लिहिलं. वस्तीवर रोज संध्याकाळी पोरं आयांना शिकवत होती, हे गावाला ठाऊकच नव्हतं. त्या नावाखाली बायनाबाईने अंगठा उठवला. जवळजवळ महिनाभर सगळ्या गावाला नाचवणारा तो अंगठा तिला एकदम फार लहान दिसला.

"फडात शिकवते," कस्तुराबाई हळूच म्हणाली. "मोळ्या बांधता बांधता."

हापसा लिंबाखाली बसला. पहिले दोन महिने गावातल्या चार घरच्या बायका त्याच्या पाण्याला शिवल्या नाहीत. मग शेतातली विहीरही आटली आणि त्या आल्या. पहिल्यांदा घागरी वेगळ्या ओळीत लागत. मग ओळ एकच झाली, कारण दुसऱ्या ओळीत उन्हात उभं राहावं लागे. मॅडमचा अहवाल कधी आला नाही. आला असेल तर परभणीच्या पुढे पोचला नाही. दिनकरराव नंतर दुसऱ्या योजनेवर गेले. पण अंघोळीचं पाणी ते आता स्वतः काढून घेतात, असं त्यांच्या आईने बोरीला कुणाकडे तरी तक्रार म्हणून सांगितलं होतं.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत नामांतराचा निकाल लागला तेव्हा कस्तुराबाई लिंबाखाली पेढे घेऊन आली. घागर भरायला आलेल्या सगळ्यांना तिने दिले. कुणी हातात घेऊन घरी नेले, कुणी नेऊन काय केलं कुणास ठाऊक. बायनाबाईने तिथेच तोंडात टाकला आणि दुसरा मागितला. मग म्हणाली, "चल, पाराकडून जाऊ. आबासायेबाला बी देऊ."

दोघी निघाल्या. आबासाहेबांच्या कोपऱ्यावर आल्यावर बायनाबाईचा हात आपोआप खाली गेला. पंचवीस वर्षांची सवय सात वर्षांत कुठे जाते. हात चपलेपर्यंत पोचला, तिथे थांबला, आणि तिने घोटा खाजवला. मग पुढे चालू लागली, चपला पायातच ठेवून.

"काय झालं, बायनाबाई?" पारावरून आबासाहेबांनी विचारलं. ते आता म्हातारे झाले होते.

"काई न्हाई, आबासायेब. पाय खाजायला."

"रोज हितंच खाजतंय का गं?" शेजारून कस्तुराबाई म्हणाली.

"रोज," बायनाबाई म्हणाली, आणि दोघी पेढ्यांचा पुडा घेऊन पाराकडे गेल्या.